तिसऱ्या टप्प्यातलं घर

यंत्रमागांच्या शेडमधली पाळी सुटली की धनंजय घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि आईनं मांडलेल्या पाटावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंतीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, पोळ्यांच्या डब्याएवढी एक राखाडी पेटी बसवलेली होती. तिच्या माथ्यावर मसुराएवढा कॅमेरा, त्याखाली एक हिरवा दिवा. शालनताई धनंजयच्या बाजूला बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि पेटीला नीट ऐकू जावं म्हणून जरा चढ्या आवाजात बोलायला लागायच्या.

"हे बघ. ह्यानं दोन बोटं अशी गालावर ठेवली, म्हणजे दाढ दुखालीय. आणि एकच बोट ठेवलं, तर चहा गोड न्हाई झाला. दोन्ही येगळं हाय. गल्लत करू नको."

मग त्या धनंजयला कोपरानं ढोसायच्या. तो एकदा दोन बोटं ठेवायचा, एकदा एक, आणि स्वतःशीच हसायचा. पन्नाशीला आलेला, दंडाला तेलाचे डाग लागलेला तो माणूस फोटो काढायला बसलेल्या पोरासारखा ताठ बसे. हिरवा दिवा लुकलुकायचा. शालनताई तो होकार समजायच्या आणि पुढच्या खुणेकडे वळायच्या.

इचलकरंजीच्या त्या गल्लीत अशी पेटी आता जवळजवळ प्रत्येक घरात होती. तिचं नाव कोनाडा. काही वर्षांपूर्वी कायदा झाला होता, की घरातली चित्रं आणि घरातले आवाज घराबाहेरच्या कुठल्याही संगणकावर जाता कामा नयेत, आणि घरातही दिवसापलीकडे साठवता कामा नयेत. त्यामुळे पूर्वी जे काम कुठेतरी दूर, मैदानाएवढ्या इमारतींतले सर्व्हर करायचे, ते करायला प्रत्येक घरात एक लहानसा सर्व्हर आला. गॅस चालू राहिला तर कोनाडा सांगायचा, दार उघडं राहिलं तर सांगायचा, म्हातारं माणूस तोल जाऊन पडलं तर शेजाऱ्यांना हाक मारायचा. पेटी एकदा घेतली की बरीच वर्षं चाले. तिच्या आतली प्रणाली मात्र दर वर्षी नवी येई. कंपनीची माणसं तिला पुस्तकासारखी 'आवृत्ती' म्हणत.

ही आवृत्ती कधी बाहेर पडणार, कुठल्या गावाला आधी आणि कुठल्या गावाला मागून मिळणार, हे ठरवणारी बाई पुण्यात बसायची. ती शालनताईंची मुलगी, तृप्ती सातपुते.

धनंजय तृप्तीचा थोरला भाऊ. जन्मापासून बहिरा. लहान असताना त्याला लांबच्या एका निवासी शाळेत घातलं होतं. तिथं तो जेवेना, झोपेना. शालनताई पंधरवड्यातच त्याला परत घेऊन आल्या, त्या पुन्हा काही त्याला पाठवायला धजल्या नाहीत. त्यामुळे बहिऱ्या मुलांना देशभर जी रीतसर खुणांची भाषा शिकवतात, ती त्याला आलीच नाही. त्याच्याजवळ होती ती त्यानं आणि आईनं चुलीपुढे, मोरीत, गच्चीवर, आजारपणात मिळून घडवलेली भाषा. अभ्यासक अशा भाषेला 'घरखुणा' म्हणतात. अशी एकेक भाषा जगात दोघांना, फार तर चौघांना येते.

मागांच्या शेडमध्ये धनंजयचं काही अडत नसे. तिथल्या खडखडाटात कान असलेली माणसंही हातानंच बोलतात. धागा तुटला, वीज गेली, चहा आला, मालक आला. तिथं तो इतरांसारखाच होता, उलट मागाच्या चौकटीवर तळवा टेकून बिघाड ओळखण्यात दोन पावलं पुढेच. पण पोटात कसं होतंय, स्वप्नात काय दिसलं, कुणाचा राग आलाय आणि का, हे तो फक्त आईला सांगू शकत असे. तृप्तीला लहानपणी त्यातलं बरंच कळायचं. ती शिकायला बाहेर पडली, मग नोकरीला लागली, सणावारी येऊ लागली, आणि ती भाषा तिच्यावाचून वाढत राहिली.

कोनाड्याला घरखुणा शिकवाव्यात, ही कल्पना तृप्तीचीच. कंपनीत तिनं ती पहिल्यांदा मांडली तेव्हा एकानं विचारलं होतं, अशी माणसं आहेत तरी किती? तिनं आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, "माझ्या घरी एक आहे." पुढे हिशेब केल्यावर लक्षात आलं, की लकवा होऊन बोलणं गेलेले आजोबा, उशिरा बोलणारी मुलं, एकमेकांशी नजरेनंच बोलणारी म्हातारी जोडपी, अशी घरं पुष्कळ आहेत. मग काम सुरू झालं.

त्यातलं मर्म सोपं होतं. अशी भाषा कुठल्याच कोशात नसते, ती तिच्या घरातच शिकावी लागते. घरातल्या जाणकार माणसानं खूण होताना तोंडानं तिचा अर्थ सांगायचा, कोनाडा दोन्हींची सांगड घालणार. काही महिने अशी शिकवणी झाली, की मग तो माणूस जवळ नसला तरी चालेल. धनंजय दवाखान्यात एकटा जाईल, हात हलवेल आणि फोनमधून डॉक्टरांना मराठी ऐकू येईल.

दसऱ्याला घोषणा झाली. सगळ्या कोनाड्यांमधून, जुन्या आवृत्तीच्या पेट्यांमधूनसुद्धा, आठवडाभर एक गोड आवाज ऐकू येत राहिला: "तुमच्या घरच्या खुणा आता कोनाडा शिकणार." ते वाक्य तृप्तीच्या टेबलावरूनच मंजूर होऊन गेलं होतं. नवी आवृत्ती संक्रांतीला निघायची होती. तीन महिने आधी वातावरण तयार करायचं, अशी त्या धंद्यातली रीत.

संक्रांतीला ती निघाली नाही.

चाचणीसाठी निवडलेल्या घरांपैकी एक नाशिकचं होतं. तिथल्या बापानं आपल्या बहिऱ्या मुलीच्या खुणा कोनाड्याला मन लावून शिकवल्या होत्या. मुलीच्या पोटाचं लहानसं ऑपरेशन ठरलं. भूल देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का? मुलीनं एक खूण केली. फोनमधून उत्तर आलं, "नाही, काही खाल्लं नाही." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बिस्किटाचा कण एका नर्सला दिसला म्हणून निभावलं. ती खूण 'थोडंसं'ची होती. कोनाड्याला ती ओळखता आली नव्हती, पण वाक्य अर्धवट राहू नये म्हणून त्यानं जवळचा अर्थ भरून टाकला होता.

"अंदाज धरून शंभरातल्या सत्त्याण्णव खुणा बरोबर येतायत," ओंकार गद्रे म्हणाला. प्रणालीचा तो भाग त्यानं लिहिला होता, आणि इतक्या वर्षांत तृप्तीशी तो मोकळेपणानं भांडू शकत असे. "सूचना छापू. बाहेर तर काढू. लोक वाट बघतायत."

"उरलेल्या तिनांत ती पोरगी होती," तृप्ती म्हणाली. "नाही कळलं तर 'माहीत नाही' म्हणू दे त्याला. अंदाज नको."

"तसं केलं तर तो दर वाक्यात तीनदा अडेल. ऐकवणार नाही."

"अडू दे."

त्यासाठी बरंच काही उसकटावं लागलं. मुहूर्त संक्रांतीवरून पाडव्यावर गेला, पाडव्यावरून अक्षय्य तृतीयेवर. शिवाय एक दुसरी अडचण निघाली. नव्या आवृत्तीला पेटीही दमदार लागत होती. मोठ्या शहरांतल्या पेट्या नव्या होत्या. तालुक्याच्या गावांतल्या बऱ्याचशा जुन्या. म्हणून टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात आठ शहरं. दुसऱ्यात जिल्ह्याची ठिकाणं. तिसऱ्यात, श्रावणाच्या सुमाराला, उरलेली गावं, तीही प्रणाली जुन्या पेटीला पेलेल अशी हलकी करून.

नकाशावर रंग भरताना ओंकारनं विचारलं, "इचलकरंजी तिसऱ्यात?"

"तिथल्या पेट्या बघ ना."

"गाव राहू दे. तुझ्या घराचं बोलतोय मी. चाचणीची प्रत टाकू तिथं. तुझ्या आईइतकी जाणकार कोण मिळणार आपल्याला? एक नवी पेटी पाठवायची फक्त."

कर्मचाऱ्यांच्या घरी चाचणी घ्यायची नाही, हा नियम तृप्तीनंच केला होता. मागं एकदा आपल्याच माणसांनी आपल्याच घरी चाचण्या घेऊन सगळं छान चाललंय असं कळवलं होतं आणि पुढे तोंडघशी पडायची वेळ आली होती. "मीच केलाय, मीच मोडू?" ती म्हणाली. तिला त्यात थोडा अभिमानही वाटला. ओंकारनं खांदे उडवले. निदान नवी पेटी तरी विकत घेऊन पाठवून द्यावी, असं तिच्या मनात आलं होतं. ते राहून गेलं.

त्या दिवसांत आईचा फोन बहुतेक बैठकीच्या मध्येच यायचा.

"तृप्ते, आमी रोज बसतोय बघ त्याच्याम्होरं. पण त्यो अजून कायच बोलंना झालाय."

"बोलेल गं आई. जरा दम धर. श्रावणापर्यंत होतंय."

"तवर आमी बसू न्हवं?"

"बसा की," तृप्ती म्हणाली. समोर पडद्यावर कुणीतरी आलेख दाखवत होतं. आई रोज संध्याकाळी कोनाड्यावर कीर्तन लावते, ते ऐकायला दोघं बसत असतील, असं तिला वाटलं. म्हणजे, तसं वाटलं असणार. नंतर तिनं पुष्कळ आठवून पाहिलं, पण त्या क्षणी आपण नेमका काय विचार केला होता, हे तिला सापडलं नाही.

शालनताई चैत्रात गेल्या. दुपारी जेवून कलंडल्या होत्या, धनंजयची त्या दिवशी सुट्टी होती. छातीत कळ आली असावी. कोनाड्यानं शेजारी हाक मारली तेव्हा जुबेदाभाभी मोमीन धावत आल्या. धनंजय आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिचे ओठ ओले करत होता. रिक्षा यायच्या आत सगळं संपलं.

तृप्ती संध्याकाळी पोचली. तिला पाहताच धनंजय उठला, तिच्या समोर उभा राहिला आणि हात हलवू लागला. कपाळावर बोट टेकलं, म्हणजे आई. अंगठा ओठांकडे नेला, म्हणजे पाणी. दोन्ही मुठी कानांपासून खाली ओढल्या, म्हणजे तृप्ती. लहानपणी तिच्या दोन वेण्या असत. त्यामध्ये आणि त्यापुढे आणखी किती तरी. लांबलचक, भरभर, एकाच क्रमानं. तिनं त्याला जवळ घेतलं. त्यानं तिला हळूच बाजूला केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

दिवस करणं चालू असतानाच अक्षय्य तृतीया आली. आठ शहरांत नवी आवृत्ती वेळेवर बाहेर पडली. तृप्ती परसात भांडी विसळत होती, आणि तिचा फोन अभिनंदनानं सारखा थरथरत होता. तिनं तो उपडा घालून ठेवला.

त्याच दुपारी जुबेदाभाभी चहा घेऊन आल्या. भिंतीतल्या पेटीकडे बघून म्हणाल्या, "आता हे तरी बोलंल न्हवं सगळं? शालनआक्कानं लई घोटून घेतलंय त्याच्याकडनं."

"काय घोटून घेतलंय?"

"खाणाखुणा की. दसऱ्यापासनं रोज संध्याकाळी बसायची दोघं. तापानं फणफणल्या हुत्या तरी बसल्या. मी म्हटलं, आक्का, आजच्या दिवस राहू दे. तर म्हणाल्या, माझं काय खरं न्हाई, त्याला एकदा समदं आलं म्हंजे मी मोकळी. तुला ठावं न्हाई?"

तृप्तीनं हातातला कप खाली ठेवला. ती उठून पेटीपाशी गेली, फोन जोडला आणि आत काय आहे ते उघडून पाहिलं. पाहायची तशी गरज नव्हती. जुन्या आवृत्तीला खुणा कळायची सोयच नव्हती. कायद्याप्रमाणे घरातली चित्रं आणि आवाज दिवसाच्या शेवटी पुसले जात. मागं उरत ते फक्त आकडे. दसऱ्यापासूनच्या प्रत्येक संध्याकाळपुढे तिथं एकच नोंद होती: खोलीत दोन माणसं, दिवा चालू, धोका नाही.

जुबेदाभाभी अजून उभ्या होत्या. "सापडलं?" त्यांनी विचारलं.

"हो," तृप्ती म्हणाली, कारण त्यांना सांगणं तिच्यानं झालं नाही.

तिनं लांबलचक रजा टाकली. ओंकारनं काही न विचारता नवी पेटी पाठवून दिली, आत नवी आवृत्ती घालून. इचलकरंजीतलं ते पहिलंच घर. नियमाची आठवण त्यानंही काढली नाही आणि तिनंही. पेटी सुरू होताच आतून आवाज आला, "या घरच्या खुणांची जाणकार व्यक्ती कोण?" हा प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा, यावर पुण्यात एक अख्खी बैठक झाली होती. तृप्तीनं स्वतःचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की धनंजय सवयीनं पाटावर येऊन बसू लागला. शेजारी आता तृप्ती. जेवण, आंघोळ, ऊन, मामा, गप्प बस, सायकल, ताप. तिला येत होतं तेवढं तिनं सांगितलं. ते दोन-तीन संध्याकाळींतच संपलं. त्यातही काही खुणा जुन्या झाल्या होत्या. 'शाळा' म्हणून तिनं जी खूण सांगितली, तिला धनंजय मान हलवून हसला. ती खूण आता दुसऱ्याच कशाची तरी होती. नंतर शेडमधले बाबू कित्तुरे येऊन बसले, त्यांनी मागाच्या खुणा सांगितल्या. जुबेदाभाभींनी आजारपणातल्या काही सांगितल्या. सगळं मिळून एक फाटकी चादर व्हावी, एवढं जमलं.

आणि रोज, शिकवणी संपली की धनंजय तिच्याकडे वळून ते लांबलचक सांगायचा. आईच्या शेवटच्या दुपारचं. कोनाडा आता प्रत्येक खुणेनंतर बोलत असे, सौम्य, स्वच्छ आवाजात.

"आई. पाणी. माहीत नाही. माहीत नाही. तृप्ती. माहीत नाही. झोप, किंवा रात्र. माहीत नाही. दार. माहीत नाही. तृप्ती. माहीत नाही. माहीत नाही."

धनंजयला तो आवाज ऐकू येत नसे. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत असे. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, या वेळी हळू, एकेक खूण मोठी करून, मंद मुलाला समजवावं तसं.

आईनं त्याला काही सांगितलं होतं का? तृप्तीला काही निरोप? की तो फक्त काय घडलं ते सांगत होता? की दोष देत होता? तृप्तीला हेसुद्धा ठरवता येईना. जुबेदाभाभी म्हणाल्या, "निरोपच असंल. आक्का गेल्या तवा त्येंचा हात असाच हालत हुता. मला वाटलं कळ आली म्हणून."

त्यानंतर मात्र तिच्यानं राहवेना. तिनं ओंकारला फोन केला.

"अंदाजाचा भाग तू काढून टाकलास, की नुसता बंद केलायस?"

"बंद केलाय. काढला असता तर सगळंच उसकटलं असतं."

"मला उघडून दे."

"देतो. पण तृप्ती, तो अंदाजच असेल."

"माहीत आहे मला."

त्या संध्याकाळी धनंजयनं सांगून संपवलं आणि कोनाडा प्रथमच अडखळला नाही. "आईनं पाणी मागितलं. मग म्हणाली, तृप्तीला बोलावून घे, तिला बघून मी झोपेन. दार उघडं ठेव, तृप्ती येतच असेल."

तृप्ती रडली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. धनंजय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच सांगितलं, त्याच क्रमानं. कोनाडा म्हणाला, "आईनं पाणी घेतलं. म्हणाली, मला झोप येतेय, तृप्तीला आता त्रास देऊ नका. दार लावून घ्या, तृप्ती सुखात आहे." तिसऱ्या दिवशी आणखी निराळं. तिन्ही वाक्यं नीटस होती, मायेची होती, आणि आईच्या तोंडी शोभण्यासारखी होती. खुणा तर रोज त्याच होत्या. तिनं ओंकारला तो भाग पुन्हा बंद करायला सांगितलं. पहिल्या दिवशीचं वाक्य मात्र तिच्या मनातून जाईना. ते खरं नाही हे कळत असूनही ती ते अधूनमधून आईच्या आवाजात ऐकत असे.

रजा संपत आली. त्या आठवड्यात उकाडा फार होता. धनंजय कामावरून दमून आला होता. शिकवणी त्यानं अर्ध्यावर सोडली आणि तिच्यासमोर येऊन बसला. पुन्हा आई, पुन्हा पाणी. एका जागी येऊन त्याचे हात थांबले. त्यानं ती खूण तीनदा केली, चौथ्यांदा केली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात दुःख किती आणि चिडणं किती, ते तिला सांगता आलं नसतं. एवढी वर्षं ज्याला कुणीतरी रोज समजून घेत होतं, तो आता घरातच परका झाला होता, आणि तरी हार मानत नव्हता.

तृप्तीनं मान हलवली. होकारार्थी.

ठरवून नाही. त्याचं ते थांबावं, त्याला बरं वाटावं, एवढंच तिला हवं होतं.

धनंजयचे हात हवेतच राहिले. भुवया वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं: खरंच? आता मागं फिरणं अवघड होतं. तिनं पुन्हा मान हलवली. तेव्हा त्याचा चेहरा सैल पडला. तो हसला, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून त्यानं कपाळाला कपाळ लावलं, आणि मग जेवायला ताट मांडायला उठला. त्या रात्री तो पोटभर जेवला.

त्या दिवसानंतर त्यानं ते पुन्हा सांगितलं नाही. तृप्तीनं आडूनआडून प्रयत्न केला. कपाळावर बोट टेकलं, अंगठा ओठांकडे नेला. तो नुसता मान डोलवायचा. झालं की ते बोलून, तुला कळलंय की. इकडे कोनाड्याचा खुणांचा साठा बाबू कित्तुरेंच्या आणि जुबेदाभाभींच्या मदतीनं हळूहळू वाढत होता. त्या लांब ओळीतल्या आणखी दोन-तीन जागा आता कदाचित भरल्याही असत्या. पण ज्या खुणेचा अर्थ लागला नाही, तिचं चित्र चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही, असं नव्या आवृत्तीत कायद्याला धरूनच ठरलेलं होतं. तो रोजच सांगत होता, म्हणून फोनवर टिपून ठेवायचं तृप्तीला सुचलं नव्हतं. ती ओळ आपल्याला पाठ आहे, असं तिला वाटे. एकटीनं आरशासमोर करून पाहिली तेव्हा बोटं कुठं वळतात, तळवा कुठं पालथा होतो, याची तिला खात्री राहिली नाही.

"धनू लई खूश हाय हल्ली," बाबू कित्तुरे एकदा दारातूनच म्हणाले. "शेडमधी सगळ्यास्नी सांगालाय, भण हो म्हणाली म्हणून."

"कशाला हो म्हणाली?"

"त्ये आमास्नी कुठं कळतंय? तुमालाच ठावं." त्यांना तो प्रश्न गमतीचा वाटला असावा. ते हसून निघून गेले.

जायच्या दिवशी सकाळी तिनं बॅग भरून दाराशी ठेवली. धनंजयच्या जेवणाची व्यवस्था जुबेदाभाभींकडे केली होती. दवाखान्यासाठी फोन त्याच्या खिशात होता. निम्म्या खुणांचा का होईना, तो अर्थ सांगणार होता. दर शनिवारी यायचं, असं तिनं ठरवलं होतं. हे सगळं त्याला कसं सांगायचं, याचा ती विचार करत असताना धनंजय आतून आला.

त्यानं आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं बॅगेकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही, आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. तिच्याकडे बघून त्यानं झटपट चार खुणा केल्या, आधीच ठरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी तशा.

"तृप्ती," कोनाडा म्हणाला. "माहीत नाही. दार. माहीत नाही."

मग तो भिंतीला टेकून उभा राहिला, हात मागं बांधून, आणि पुढे काय करायचं ते आता तिच्याकडे आहे अशा निर्धास्तपणे तिच्याकडे बघत राहिला. तो तिला निरोप द्यायला उभा होता? तिच्याबरोबर निघाला होता? की ती ही बॅग उचलून पुन्हा आत नेईल, याची वाट पाहत होता? त्याला काहीही विचारलं, तर तिला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं हे त्याला कळणार होतं.

रिक्षा दाराशी येऊन थांबली. तृप्तीनं बॅगेच्या पट्ट्यावर हात ठेवला, आणि बॅग बाहेर न्यावी की आत, ते तिला ठरवता येईना. आईनं त्या दुपारी काय मागितलं होतं, आणि आपण कशाला हो म्हटलं होतं?